लोकरी झबल्यातला प्रोजेक्टर

प्रिय ठमे,

रविवारी आपल्या गल्लीतल्या सभागृहात तुझी फिल्म दाखवणार, आणि तूच येणार नाहीस. बाबा असतील तिथे मी नाही, असं तू फोनवर सांगून टाकलंस. बँकेतली नोकरी सोडून कॅमेरा हातात घेतलास तेव्हापासून तुम्हा दोघांचा अबोला, आणि मधे मी. असो, त्यावर आज वाद घालत नाही. पण इथे प्रोजेक्टरनेच मान टाकली, त्याची गंमत ऐक.

जरा वेळ चालायचा आणि पटकन बंद. वर दोन बारीक दिवे आहेत. एकाशेजारी बल्बचं चित्र, दुसऱ्याशेजारी तापमापीचं. तापमापीचा दिवा लाल होऊन लुकलुकत होता. सभागृहाच्या सेक्रेटरींनी बल्बचं झाकण उघडून आत डोकावल्यासारखं केलं आणि निकाल दिला, बल्ब गेला, कार्यक्रम रद्द. मला काही ते पटेना. बल्ब गेला तर बल्बचा दिवा नको का लागायला? डोक्यात किडा वळवळला की मला चैन पडत नाही, तुला ठाऊकच आहे. माहितीपुस्तिका शोधली, भिंग घेतलं नि बसले वाचत. लुकलुकणारी तापमापी म्हणजे यंत्र आतून तापलंय, हवा कोंडलीय. पण हवा कोंडायला झालं काय?

वायर काढली, यंत्र निवू दिलं आणि बाजूची जाळी ओढून बघितली. जाळीवर हिरव्यागार लोकरीचा थर! आमच्या विणकाम मंडळाने प्रोजेक्टरला धूळ लागू नये म्हणून गोंडे लावून झबलं विणलं होतं. ते इतकं देखणं झालं की उतरवायचं सगळ्यांच्याच जिवावर येई, काचेपुढचं तेवढं वर सारायचो. बिचारा भर उन्हाळ्यात स्वेटर घालून राबत होता, आणि आम्ही बायका कौतुकाने बघत होतो!

झबलं काढलं, जाळी मऊ ब्रशने झाडली, बटण दाबलं, तर आता बल्बचा दिवा लाल. गेली म्हटलं पोरीची फिल्म. तेवढ्यात तुझे बाबा हजर. म्हणे, चष्मा विसरलीस तो द्यायला आलो. चष्मा माझ्या नाकावर होता. मी पुस्तिका पुढे वाचत राहिले. बल्बचं झाकण नीट बसलं नसेल तरी तो दिवा लागतो, असं शेवटच्या पानावर सापडलं. सेक्रेटरींनी झाकण सैलच ठेवलं होतं. बाबांनी स्क्रू आवळला आणि दिवा हिरवा झाला.

चालतोय का बघायला काहीतरी लाव, म्हणाले. माझ्याकडे तुझीच फिल्म होती. बस धुणाऱ्या त्या बायका पडद्यावर आल्या आणि बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्याच नोकरीच्या डेपोतल्या ना त्या! संपल्यावर मी उठले, तर म्हणाले, थांब, मशीन तापतंय का ते एवढ्यात कळत नाही, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा मी पडद्याकडे नाही, त्यांच्याकडेच बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, फोनवर मला बोलता येणार नाही, तू तिला लिही, रविवारी ये म्हणावं. म्हणून हे पत्र. ये गं. माझं अजून लिहून व्हायचंय, आणि हे केव्हाचे चपला घालून दारात उभे आहेत. टपालपेटीत मीच टाकतो म्हणतायत.

तुझीच,
आई