डाव्या अंगाचं चाक उजवीकडे

बाबा,

माझ्या हातानं काय काय झालं ते आधी सांगतो, कारण तुम्ही तेच आधी विचारलं असतं. फवारणी पंपाचे चामडी वायसर. किती ते मोजलं नाही, पण सावरगावपासून तिगावपर्यंतच्या संत्र्याच्या बागांमध्ये ते चालून राहिले आहेत. ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यापासून बेअरिंग खेचायचा तीन पायांचा पुलर, जो आजवर एकदाही वाकला नाही. गॅरेजमधला बाभळीचा टेबल. आईच्या खाटेचे चार पाय. आणि सौसरच्या डॉक्टरांच्या गाडीचे चामड्याचे दोन बूट. पत्र त्या बुटांपासून सुरू होतं.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तुम्ही पाहिलेल्या मोटारींना मागची चाकं ढकलत. डॉक्टरांची जुनी विलायती गाडी पुढची चाकं ओढतात. त्याच चाकांना वळायचंही असतं, म्हणून एक्सलच्या टोकाशी एक जॉइंट असतो: लोखंडी वाटीत सहा गोळ्या, गोळ्यांना चालायला खाचा, आणि आतलं ग्रीस बाहेर पडू नये, बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून वरून घड्यांचा रबरी बूट. डॉक्टरांच्या गाडीचे दोन्ही बूट फाटले होते. आपल्या काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये शिरली की ते ग्रीस राहत नाही, कानस होते.

"मिस्त्री, वळवली की कटकट करून राहिली," डॉक्टर म्हणाले. "सरळ रस्त्यावर काही नाही. आता मी काय फक्त सरळ रस्त्याचेच पेशंट पाहू?"

नागपूरच्या दुकानदारांनी हात वर केले. मुंबईला कळवलं, तर नवे जॉइंट यायला चार-सहा महिने लागतील असं उत्तर आलं. तोवर गाडी उभी ठेवायची तर खेड्यापाड्यातली बाळंतपणं कोणी पाहायची? मी दोन्ही एक्सल काढले, जॉइंट रॉकेलमध्ये धुतले, गोळ्या एकेक करून पांढऱ्या कपड्यावर मांडल्या. प्रत्येक खाचेची एक भिंत इतकी खोल गेली होती की नख अडकत होतं. समोरची भिंत जवळपास नव्यासारखी. गाडी पुढे जाते तेव्हा जोर एकाच भिंतीवर येतो. त्या खाचेवरून बोट फिरवताना आपल्या बैलगाडीचं चाक आठवलं.

पोळा होऊन गेलेला आहे. कापसाच्या गाड्या जिनिंगला लागायच्या आधी तुम्ही मला चाकं उतरवायला सांगता. दर वर्षी डाव्या अंगाचं उजवीकडे, उजव्याचं डावीकडे. आसावर तुंब्याचं, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडाचं, भोक एकाच बाजूनं खाल्लं जाऊ नये म्हणून. त्या वर्षी मला मिसरूड फुटलेलं आहे आणि सिनेमाला जायचं आहे. मी वंगण घालतो, चाकं होती तशीच चढवतो आणि सांगतो, फिरवली. तुम्ही चाकाजवळ बसता, तुंब्यात बोट घालता.

"फिरवली म्हनतं?"

"हो, बाबा."

"चाक सांगून राहिलं ना मले. तू कायले सांगतं?"

एवढंच बोललात. ओरडला नाहीत. भरलेली गाडी तुम्ही मला एकट्याला रिकामी करून चाकं फिरवायला लावली आणि बाजूला बसून तंबाखू मळत राहिलात.

मी डाव्या एक्सलचा जॉइंट उजव्याला घातला, उजव्याचा डाव्याला. आता जोर कोऱ्या भिंतीवर. राहिले बूट. रबर मिळेना, म्हणून माळ्यावरची तुमची मोट काढली. विजेचा पंप आल्यापासून ती तिथंच होती. तिची सोंड निमुळती, एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद. एक्सलला हवी तशीच. पत्नी म्हणाली, "मामंजीची मोट डाक्टरच्या गाडीले? अजून माळ्यावर काय काय हाये, सांगा तं, म्हंजे मी लपवून ठेवते."

इथं माझी चूक झाली. मोटीचं कातडं म्हणजे तेल पाजायचं, ही सवय. मी दोन्ही बूट रात्रभर एरंडेलात ठेवले. चौथ्या दिवशी ते तेल पाझरून ग्रीसमध्ये उतरलं, ग्रीस पातळ झालं, आणि जॅकवर चाक फिरवताना वाकून पाहणाऱ्या डॉक्टरांच्या पांढऱ्या पँटवर त्याचे ठिपके उडाले. मी पुन्हा सगळं खोललं. सोंडेचं उरलेलं कातडं कोरडंच घेतलं, आतून मेण घासलं, शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली. मग आठ महिने गाडीनं आवाज केला नाही. मुंबईहून नवे जॉइंट आणि रबरी बूट आले तेव्हा जुने काढायला माझा हात जरा नाखुशीनंच चालला. ते एका डब्यात ठेवले आहेत. हा कागदही त्यातच जाईल.

आता नवी छोटी मोटार निघाली आहे, तिलाही पुढचीच चाकं ओढतात. नागपूरचा एक मोठा गॅरेजवाला डॉक्टरांकडून ऐकून इथं पांढुर्ण्याला माझ्या गॅरेजात आला. त्यानं डब्यातले जॉइंट उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "कोणाजवळ शिकले, मिस्त्री?"

"कोणाजवळच नाही," मी म्हटलं. "आपलं आपणच."

हे मी सगळ्यांना सांगतो. इंजिनाच्या बाबतीत ते खरं आहे, कार्बोरेटरच्या बाबतीतही. या जॉइंटच्या बाबतीत नाही. ते समोर पडले होते, आणि तुम्ही असता तर बोट घालून पाहिलं असतं. मी तरीही शब्द परत घेतला नाही.

तो म्हणाला, नागपूरला चला, तुमची ही युक्ती माझ्या मिस्त्र्यांना शिकवा. 'तुमची' हा त्याचा शब्द. राहायला खोली आणि महिना अठराशे रुपये. मी नाही म्हटलं. युक्ती तुमची होती, बाबा, ती माझी म्हणून शिकवता आली नसती.