फिनलंडचं नाव काढलं म्हणून

१२ फेब्रु., गुरु.
आज रेवावर हात उठला. एकदाच. तिच्या लॅपटॉपवर नीलूचे मेल सापडले. नीलू म्हणजे माझ्या बायकोची, स्मिताची, धाकटी बहीण, फिनलंडला असते. माझी मुलगी पंधरा वर्षांची, इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला दहावीत, एपीचे म्हणजे कॉलेजच्या पातळीचे दोन विषय. आणि तिला तिकडे जाऊन सुतारकाम शिकायचंय! सहा महिने लपवून ठरवतायत दोघी. लॅपटॉप भिंतीवर फेकला. "दॅट वॉज माइन!" किंचाळली. मग ते झालं.

१३, शुक्र.
ओठ सुजलाय. स्मिताला म्हटलं, आज शाळेत नको पाठवू. पाठवलीच. माझ्याशी बोलत नाही.

दुपारी दारात दोन पोलीस. शाळेतून कळवलं म्हणे. रागात एक थप्पड मारली, मी सांगितलं. रेवा जिन्यात उभी होती. "फोर, बाबा. अँड यू पुल्ड माय हेअर." बेड्या घातल्या. समोरचे कुलकर्णीकाका बर्फ काढत होते, फावडं धरून तसेच उभे राहिले. पंधरा वर्षं ओळख. त्यांनी मान फिरवली.

१५, रवि.
जामिनावर सुटलो, मोटेलमध्ये आहे. अट अशी: घरी जायचं नाही, रेवाला फोन करायचा नाही. वकील म्हणतो, शिक्षा झाली तर व्हिसाचं काही सांगता येत नाही.

मोजून पाहिलं. दोन थोबाडीत. एक पाठीत. चौथी ती खाली पडल्यावर, लाथ. केस हातात आले होते, ते बेसिनमध्ये धुऊन टाकले.

आमचे बाबा नागपूरला गणिताचे मास्तर. गणित चुकलं की पट्टा. डाव्या कानाला अजून कमी ऐकू येतं. त्या मारानेच इथवर आलो असं सगळ्यांना सांगत आलोय. रेवालासुद्धा, हसत.

१७, मंगळ.
नीलूला फोन करून वाट्टेल ते बोललो. घर फोडलंस वगैरे.
"ओरडून झालं की सांगा, जीजू."
मग शांतपणे सांगत बसली. तिकडे नववीनंतर दोन वाटा. एक पुस्तकी, एक कामधंद्याची. दुसरीतूनही पुढे शिकता येतं, कोणी कमी लेखत नाही. तिची मुलगी सई तेच करते, सतरा वर्षांची, खिडक्यांच्या चौकटी बनवते. फी नाही, पुस्तकं शाळेची, दुपारचं जेवण शाळेत.
"मग भरतं कोण?"
"आम्ही सगळे. टॅक्समधून. रेवा बाहेरून येणार, तिचे नियम वेगळे असतील. विचारलंय शाळेला. आधी भाषा शिकावी लागेल."
"आणि मारतात का?" कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक.
ती हळू म्हणाली, "शाळेत कोण मारतं, जीजू?"

२५, बुध.
कोर्टाने भेटीची परवानगी दिली. अर्धा तास, काउन्सेलरच्या ऑफिसात, ती बाई समोर बसलेली. ओठावर खपली. टेबलावरचं पाणी घ्यायला हात पुढे केला तर रेवा खुर्चीसकट मागे सरकली. काउन्सेलरने काहीतरी लिहून घेतलं.

तिने फिनलंडच्या शाळेसाठीचं संमतीपत्र पुढे केलं. आईची सही झालेली, माझी हवी.
मी म्हटलं, सही करतो, पण एकदाच मारलं असं सांग कोर्टात. आपण तिघंही अडकू, बेटा.
"नो."
"रेवा..."
"नो, बाबा. आय'म नॉट ट्रेडिंग." आणि मग मराठीत, हळू, "मी खोटं नाही बोलणार."
वेळ संपायच्या आधीच उठून गेली.

१ मार्च, रवि.
स्मिताचा मेसेज. अर्जाचे दिवस सुरू झालेत, कागद शुक्रवारपर्यंत हवा. बाकी एक शब्द नाही.

कालच टी.व्ही.चा रिमोट भिंतीवर फेकला. खोलीत मी एकटाच होतो. कशावरून, तेही आठवत नाही.

सही केली तर ती जाते. नाही केली तर घरात राहते, आणि आज ना उद्या मीही त्याच घरात परत जाईन, आणि ती पुन्हा काही बोलली की माझा हात...