पूजेच्या आधीचा फोटो

वैजयंती सुनबाई,

तू गिरणीवर गेलीस आन बोरीची एसटी सुटायलीय, म्हणून लिहून ठेवतो. तुझा फोन न विचारता नेतोय.

काल पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढताना फोन माझा चेहराच घेईना. तू नुसतं कपाळावरची विभूती पुसा म्हणालीस आन मी भरलं ताट सारून उठलो. आज माझी अंघोळ झाल्यावर, पूजेला बसायच्या आत, फोन धरून उभी राहिलीस. मिनिटात दाखला निघाला. दर साली सेलूला जाऊन दिवसभर रांगेत उभा राहायचो, ते संपलं. तुझे लय उपकार हायत. समोर सांगायला जमलं न्हाई.

बोरीचा शिवप्रकाश शाळेत माझ्यासोबत शिपाई होता. लकवा झाल्यापासून खाटेवरच हाय. गेल्या साली दाखल्यासाठी त्याला खाटेसकट टेम्पोत घालून जिंतूरला नेलं होतं. सकाळी तू काय काय दाबलंस ते मी नीट बघून ठेवलंय.

संध्याकाळी येऊन पोटभर जेवीन.

शिवप्रकाशला निरोप दिलाय, मी येईपर्यंत पूजा करू नको, कपाळ कोरं ठेव.

सांबप्पा