समोरच्या बाकावरची ओळ

पार्सिपनी, ऑक्टोबर २००६

चि. अनिका, अनेक आशीर्वाद.

बव्हेरियातल्या मठांवरचा तुझा थीसिस डिक्शनरी घेऊन वाचून संपवला. दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या सरकारने मठ बंद केले, म्हाताऱ्या नन्सना मरेपर्यंत तिथेच राहू दिलं, पण नवीन कुणी घ्यायची नाही, हे छान लिहिलंयस. रुपालीकाकूला अजून वाटतं, तूच नन होणार आहेस.

एक मात्र पटलं नाही. त्यांची प्रार्थना दोन बाजूंनी चालायची, एक ओळ इकडच्या बाकांवरून, पुढची समोरून. शेवटी एकटीच उरलेली नन एक ओळ म्हणायची, उठून समोरच्या बाकावर जायची आणि तिथून पुढची म्हणायची. तू लिहितेस, तिला भ्रम झाला असावा. भ्रमबिम काही नव्हता.

हे पत्र मी पाठवणार नाही. लगेच फोन करून "आई, आर यू ओके?" विचारशील.

बाबांना जाऊन वर्ष झालं. आज सकाळी किचनमधून मी विचारलं, "चहा ठेवू का?" मग सोफ्यावर त्यांच्या जागी जाऊन बसले आणि म्हटलं, "अर्धाच कप."

आणि उठून अर्धाच कप ठेवला.

ओके असलेली,
तुझी आई