झाड सोडायचं नाही

प्रिय सिन्नवे,

शनिवारच्या फेरीचा खरा खर्च सांगतो: तुझ्या टिरिलचा एक बूट, गरम कोको भरलेला थर्मास, माझा गुडघा आणि आता तू म्हणतेस, तिची जंगलातली बालवाडीसुद्धा. पहिले तीन मी सोसतो. चौथा नको गं पोरी, विनवतो तुला.

फोनवर तू कडाडलीस, “पाच वर्षांची पोर जंगलात हरवते, मग ती तिथे शिकली तरी काय?” सोमवारी नाव काढून तिला फ्योर्डच्या खाडीपलीकडे चार भिंतींच्या बालवाडीत घालणार म्हणालीस. गेल्या हिवाळ्यात तुझा संसार मोडला, तेव्हा तुझी लेक मुकी होऊन बसली होती, आठवतं ना? एका सकाळी त्या बालवाडीच्या ओसेबाईंनी तिच्या तळहातावर ओलं शेवाळ ठेवलं, आणि ती म्हणाली, “गार आहे.” कित्येक आठवड्यांतला तो पहिला बोल. आता तिचं तोंड मिटत नाही. परवा मलाच म्हणते, “आजोबा, मुंग्या बघा, कामं करतात, बडबडत नाहीत.”

मी आरागिरणीत फळ्या वाहून मोठा झालो. गिरणी माझी झाल्यापासून गड्यांना एकच फुशारकी ऐकवत आलोय, “डोळ्यांना पट्टी बांधून सोडा मला या जंगलात, जेवायच्या वेळेला घरी हजर!” ते मागून कुजबुजायचे, “म्हातारा रश्श्याच्या वासावर येईल.”

शनिवारी अंधारून आलं, आणि मी तरातरा दलदलीकडेच निघालो. मला मागे खेचताना टिरिलचा बूट चिखलात गेला. तिने मला एका झाडाशी उभं केलं. “ओसेबाई सांगतात, वाट चुकली की झाडाला मिठी मारायची. झाड सोडायचं नाही, म्हणजे शोधणाऱ्यांना आपण सापडतो. मारा मिठी. अशी नाही, नीट!” मग गळ्यातली शिट्टी वाजवत राहिली, माणसं येईपर्यंत. त्यांनी तुला कळवलं, “मुलगी सापडली.” तू काय समजायचं ते समजलीस.

हे फोनवर माझ्याने बोलवेना, म्हणून लिहितोय. उन्हाळ्यापासून असं होतंय, सिन्नवे. गाडीची किल्ली घे, गिरणी घे, तिला माझ्यासोबत एकटी धाडू नकोस. पण तिचं जंगल काढून घेऊ नकोस गं. ती हरवली नव्हती. माझ्या डोळ्यांना पट्टी नव्हती, आणि मला घराची वाट आठवत नव्हती.

तुझाच,
बाबा