सैल गाठींचा वारस

मी, वय एकोणऐंशी, पार्सले बांधून निवृत्त झालेला माणूस, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे अखेरचे मृत्युपत्र करीत आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, याचीही नोंद असावी.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा आणि सून यांना निम्मे निम्मे. सुनेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. घर ती चालवते, चिरंजीव नुसते राहतात.

कलम २. कात्री आणि दाभण नातीला. तिला वस्तू जागेवर ठेवायची सवय आहे.

कलम ३. परसातला टोमॅटोचा वाफा. चिरंजीवांना तिथे फरशी घालून गाडी लावायची आहे. छत्तीस वर्षांत माझे एकही पार्सल वाटेत सुटले नाही, म्हणून टोमॅटोही मी काठीला करकचून बांधतो. पण मी दुपारी आडवा झालो की कोणीतरी गाठी सोडून पुन्हा बांधते. काठी आणि खोडाच्या मध्ये मराठी चारच्या (४) आकड्यासारखा पीळ, आत बोटभर जागा. खोड जाड झाले तरी सुतळी काचत नाही. सांगायला जड जाते, पण झाडे त्यामुळेच तगली. मला वाटे, ही बायकोची करामत. ती जाऊन दोन वर्षे झाली, तरी गाठी सैल होतातच. घरात सगळ्यांना विचारले. एकदा पाळतही ठेवली आणि खुर्चीतच घोरू लागलो. हे कळल्याशिवाय जाणे मला मुळीच मान्य नाही. सबब, ती गाठ जो मारून दाखवील, वाफा त्याचा. माझ्यामागे वर्षभरात कोणी आले नाही, तर खुशाल फरशी घालावी.

कलम ४. शेजारच्या सुतारांना काहीही नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी चारचौघांत मला विचारले, "गाठी मारतोस की गळे आवळतोस?" तेव्हापासून अबोला आहे. साक्षीला मात्र त्यांनाच बोलावले आहे, कारण माणूस खडूस असला तरी खोटेपणा करणार नाही.

कलम ५ (साक्षीदार आल्यावर वाढवलेले). सुतारांनी कागद वाचला, कलम तीन दोनदा वाचले आणि पेन खाली ठेवले.

"मला सही करता येणार नाही."

मी कारण विचारले. त्यांनी वाफ्याकडे बोट दाखवले.

"ज्याला काही मिळतंय, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

मी काठी आणि सुतळी पुढे केली. त्यांनी पीळ घातला आणि आत बोटभर जागा ठेवली. मला फार बरे वाटले, आणि लाजही वाटली. कलम चार रद्द. उद्यापासून दुपारची झोपही रद्द, ही गाठ मला शिकायची आहे.

साक्षीदार १: कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई (सही)
साक्षीदार २: सुतारांऐवजी, टपाल घेऊन आलेले पोस्टमन (सही)

मृत्युपत्र करणार: सही
दिनांक: ९ मार्च
स्थळ: वाफ्याजवळचा बाक, आम्ही दोघे बसलो आहोत तो