दुपारचं पोलकं

आई, माझ्या जन्मदात्या आईला मी आयुष्यभर अगं म्हटलं आणि तुम्हाला, नवऱ्याच्या आईला, अहो. तेच चालू ठेवते. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात माझी सून बाळंत झाली आणि घरात भेटवस्तूंचे खोके आले. बॅटरीवर चालणारा दूध काढायचा पंप, मांडीवर घ्यायची वाकडी उशी, ब्लाउजच्या आत ठेवायच्या आणि वापरून फेकून द्यायच्या गोल गाद्या. मी प्रत्येक खोक्यावरच्या सूचना चष्मा लावून वाचल्या. वस्तू कामाच्या आहेत. मुख्य म्हणजे त्या आईसाठी आहेत, हे मला पटलं. आमच्या वेळी बाळंतविडा म्हणजे सगळं बाळाचं. चिंचणीला आपल्या घरी बारशाच्या दिवशी मला सात झबली, पाच टोपडी, चांदीचे वाळे आणि सशाचं चित्र असलेली दुधाची बाटली मिळाली होती. माझ्यासाठी काही आणलंत ते तुम्हीच. पिशवीतून तीन सैल पोलकी निघाली, एका हाताने उघडतील अशा टिचबटणांची, आणि जुन्या लुगड्याचे दुहेरी शिवलेले डझनभर चौकोनी तुकडे. बायका बघत होत्या. मी विचारलं, "आई, ह्या चिंध्या कशाला?"

"चिंध्या नाय, बाय. आत ठेवाचं हे," तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. "कामावर दूध वायलं का काय करशील? बाप्यांसमोर टेबलाखाली लपशील?" बायका हसल्या. मला राग आला. मी रसायनशास्त्रात पदवी घेतलेली, घाटावरून लग्न होऊन आलेली, आणि माझ्या दुधाची चर्चा ओसरीवर. कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात रोजचे चार तुकडे लागू लागले. तसं मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही दोरीवर वाळत घालताना मोजत असाल.

काम बोईसरजवळच्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिथे मी एकटी बाई आणि अजून कायम न झालेली. माझ्या टेबलावर जी पिवळी पूड तपासायला यायची तिने बोटं पिवळी व्हायची आणि साबणाने डाग जात नसे. रजेवरून परतले त्या सकाळी आमच्या साहेबांनी मला उभंच ठेवून विचारलं, "मूल अंगावर पितं का? पीत असेल तर हे टेबल नको. हे कातडीतून आत जातं, दुधात उतरू शकतं. ऑफिसात बसवतो. कायम करायचं मग पुढच्या वर्षी बघू." माणूस सरळ होता, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी म्हटलं, "वरच्या दुधावर आहे, सर." त्यांनी मान डोलावली आणि मी माझ्या टेबलाशी गेले. पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, ते मी ऑफिसातल्या दोन जणींच्या बाबतीत पाहिलं होतं; त्या कायम झाल्याच नाहीत.

बाळ मात्र बाटलीला तोंड लावेना. वाटी-चमच्याने पाजलेलं थुंकून टाकायचं. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी आणतंय त्याला दुपारचं." कारखान्याच्या फाटकावर आणू नका, मी बजावलं. का, ते सांगितलं नाही. लाज वाटत असेल असं तुम्ही समजलात. मुरबे गावची एक सुकी मासळी विकणारी बाई तुमच्या ओळखीची होती, कारखान्याच्या रस्त्यावर तिची टोपल्या ठेवायची खोली होती. तिथे तुम्ही रोज एसटीने येऊन बसलेल्या असायच्या. बाळ, तांब्याभर पाणी आणि धुतलेलं पोलकं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली दहा मिनिटं चालण्यात जायची. मी घामाघूम होऊन आत शिरते, हात पुढे करते, आणि तुम्ही बाळाला पाठीमागे फिरवता.

"आदी कोपरापावतर धू. ते काड, हे घाल."

"आई, वेळ नाही."

"वेळ नाय तं लवकर धू."

मासळीवाली टोपलीवर बसून खो खो हसते. "ओ सासूबाय, माज्या बोंबलाचा वास चालतं, आन् सुनंचा नाय चालत?"

"बोंबील पोटात जातं. हिच्या अंगाला काय लागलंय ते कोणला ठावं?"

मला तो सोवळ्याओवळ्याचा प्रकार वाटतो आहे, असं मी तोंडावर दाखवायचे. एकदा तर म्हणालेही, "ही काय पूजा आहे?" तुम्ही हातातलं पोलकं तसंच पुढे धरून उभ्या राहिलात. काढलेलं पोलकं वेगळ्या पिशवीत घालून तुम्ही घरी न्यायच्या आणि बाळाच्या कपड्यांपासून दूर, वाडीतल्या दगडावर धुवायच्या. दहा महिने, रविवार सोडून रोज.

त्यातल्याच एका दुपारी बाळ पीत असताना तुम्ही माझं बोट हातात घेतलंत, नखाने पिवळा डाग खरवडून पाहिलात. मासळीवाली बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होती. तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "बाय, तू शिकलेली हायस. हे पोराला बाधंल का? बाधत असंल तं सांग, आपन गायीचं करू कायतरी." मी म्हटलं, "नाही आई, नुसता वास आहे." तुम्ही बोट सोडलंत. "तू सांगतंस तं खरं," म्हणालात. मात्र हात धुवायला लावणं तुम्ही सोडलं नाहीत.

अकराव्या महिन्यात मी कायम झाले. मुलाचं पुढे सगळं नीट झालं. त्याला लहानपणी अंगावर पुरळ यायचं, ते कशाने हे कोणी सांगू शकलं नाही आणि मी कोणा डॉक्टरला त्या टेबलाबद्दल सांगितलं नाही.

परवा सुनेने विचारलं, तुमच्या वेळी काय होतं हो? मी पोलक्यांचं आणि तुकड्यांचं सांगितलं. तुम्ही वासावरून मला कपडे बदलायला लावायच्या, तेही सांगितलं. मुलगा हसून म्हणाला, "आजीचं नाक भारीच होतं!" सून हसली. मीही हसले.

हे पत्र घडी घालून कुठे ठेवणार नाही, वाचून झालं की फाडीन. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा कोणाला काय माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.